सोंगाची आतली बाजू

देवजी दरसाल मरायचा. चैत्रात, बोहाड्याच्या, म्हणजे देवादैत्यांची सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या, शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता, संबळाच्या ठेक्यावर, देवीच्या त्रिशुळाखाली, सगळ्या गावासमक्ष. गावात मानाच्या प्रत्येक घराकडे एकेक सोंग होतं. कोणाकडे गणपती, कोणाकडे भीम, तळ्याकडच्या घराकडे तर खुद्द देवी. देवजीच्या घराकडे म्हैसासुर. म्हणजे या घराचा मान मरण्याचा होता, आणि तो त्यांनी कधी चुकवला नव्हता. देवजी असा काही कोसळायचा की बाया पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवायच्या आणि स्वतः मात्र टक लावून बघायच्या. मग तो उठायचा, धूळ झटकायचा, लाकडी शिंगांचा तो भलामोठा मुखवटा उतरवायचा आणि चहा मागायचा.

यंदा तो पौषातच मेला. कल्याणच्या एका दवाखान्यात, हिरव्या पडद्याआड, कोणी बघत नसताना. चहा मागितला नाही, तेव्हा घरच्यांची खात्री पटली.

आज बारावा. सकाळचे विधी आटोपले होते आणि भटजी शहापूरच्या दुसऱ्या बाराव्याला मोटरसायकलवरून निघून गेले होते. आता जेवणं, आणि जेवणं उरकली की गावकीची माणसं येणार होती. ती देवजीसाठी येणार नव्हती, सोंगासाठी येणार होती.

मुखवट्याची बाहेरची बाजू देवाची आणि आतली घराची, अशी या घरातली वाटणी. सोंग नाचवणारा मेला की बाराव्याला त्याच्या मुंडाशाची एक पट्टी फाडायची आणि खळीने मुखवट्याच्या आत चिकटवायची. बापाच्या पट्टीवर मुलाची, मुलाच्या पट्टीवर नातवाची. जो चिकटवील तो पुढचा म्हैसासुर. गावकी येते, आत हात घालून पट्टी ओली आहे ना ते बघते, चिकटवणाऱ्याच्या कपाळाला गुलाल लावते. पट्टी नसेल तर सोंग दुसऱ्या घरी जातं. हे सगळं पुरुषांचं काम. बायकांनी खळ शिजवायची, दाराशी ठेवायची आणि आत काय चाललंय ते विचारायचं नाही. पुरुषांनी सांगायचं नाही. घरातल्या एकाही लेकीला मुखवट्याच्या आत काय असतं हे कधी कळलं नव्हतं, आणि ही व्यवस्था आजवर उत्तम चालली होती.

चुलीवर देवजीची बायको बाळी खळ ढवळत होती. चिंचोक्याच्या पिठाची, सासऱ्याच्या वेळी केली होती तशीच. तिला आठवत होतं की तेव्हा खळ जरा पातळ झाली होती आणि नवरा आतून ओरडला होता. आज ओरडणारा नव्हता, म्हणून ती जास्तच घट्ट करत होती.

शेजारी तिची नणंद रंगू बसली होती. रंगू दिली होती वैशाखऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी, आणि तिथून ती दर सुखदुःखाला स्वतःचं मत घेऊन यायची. सकाळी तिचं मत असं होतं की सोंग देवजीच्या मुलाने, संदीपने घ्यावं. न्याहारीनंतर तिला वाटायला लागलं की भाऊ जाणू अजून जिवंत आहे, तेव्हा त्याचा हक्क आधी. आता ती बाळीला सांगत होती की खरं म्हणजे दोघांचीही लायकी नाही, दादासारखं पडायला कोणालाच जमणार नाही. या शेवटच्या मताबद्दल दोघींत वाद नव्हता.

"तुझी लेक काय म्हणते?" रंगूने विचारलं.

"ती कशाला काय म्हणेल? तिनं मुखवट्याचं मोडलेलं शिंग बसवलं, तिचं काम झालं."

जयश्री ओटीवर बापाचा फोटो नीट टांगत होती. ती नाटकांची नेपथ्यं करायची, मुखवटे आणि बाहुल्या करायची, शाळांच्या भिंती रंगवायची, वाड्यापाड्यांवरची माणसं गोळा करून त्यांच्याच गोष्टींची नाटकं त्यांच्याकडूनच बसवून घ्यायची. नेमकं काय करते हे बाळीला एका वाक्यात सांगता येत नसे. कोणी विचारलं तर ती म्हणायची, मुरबाडला गिरणीत असते. ते खोटं नव्हतं. भाताची एक बंद पडलेली गिरणी जयश्रीने कामासाठी भाड्याने घेतली होती. ऐकणाऱ्याला वाटे पोरगी भात भरडते, आणि बाळी ते तसंच राहू देई, कारण भात भरडणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

फोटोची वेगळीच अडचण झाली होती. देवजीचे घरात पुष्कळ फोटो होते, पण सगळ्यांत त्याच्या डोक्यावर म्हैस होती. चेहरा दिसणारा एकच सापडला, तो जयश्रीकडे. वर्तमानपत्रात छापून आलेला. एका कातकरवाडीवरच्या नाटकानंतर देवजी कोंबडीचा मुखवटा घातलेल्या एका पोराच्या पायाशी वाकलाय, चेहरा अर्धा वळलेला. जयश्रीने तो मोठा करून चौकटीत बसवला होता. तिच्या कामाची माहिती कोणी मागवली की पहिल्या पानावर हाच फोटो असायचा. आता त्याला झेंडूचा हार घातला होता, आणि येणारा प्रत्येक जण आधी हाराला नमस्कार करायचा, मग कोंबडी दिसल्यावर जरा थांबायचा.

जाणूही थांबला.

तो आला तेव्हा अंगणातली माणसं उठली नाहीत, फक्त बोलायची थांबली. जाणूचं घर शेजारीच, मधे एक आंबा. पण आंब्याखालची वाट पाच वर्षं वापरात नव्हती. देवजीला त्याने खांदा दिला होता, सगळ्यांत आधी दिला होता आणि शेवटपर्यंत बदलू दिला नव्हता, पण तिथूनच तो परस्पर आपल्या घरी गेला होता. आज तो पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला, फोटो बघितला आणि म्हणाला, "हाच मिळाला लावायला?"

जयश्रीने हार सरळ केला. त्या नाटकानंतर गावात काय काय झालं होतं हे तिलाही माहीत होतं. देवजी कातकऱ्यांच्या पोरांच्या पाया पडला. एकाच्या नाही, रांगेने सगळ्यांच्या. ज्यांच्या आयबापांना भातलावणीला बोलावताना हाक मारायची ती अंगणाबाहेरूनच, त्यांच्या पोरांच्या. शेणव्याच्या बाजारात लोक महिनाभर हसत होते. हसणाऱ्यांत जाणू होता. दादा आता पोरीच्या नाटकात कामाला लागलाय, असं तो मोठ्याने म्हणाला होता आणि मग त्याला दिसलं होतं की मागे देवजी मिरच्या घेत उभा आहे. देवजीने मिरच्या पिशवीत टाकल्या आणि निघून गेला. ते दोघांतलं शेवटचं बोलणं, आणि तेसुद्धा एकट्यानेच केलेलं.

भांडण त्याच्याही आधीचं, त्याच वर्षीच्या चैत्रातलं. मुखवटा एकट्याने चढवता येत नाही. कोणीतरी मागे उभं राहून दोर ओढून गाठ मारावी लागते. जाणूला मिसरूड फुटल्यापासून ते काम त्याचं. गाठ मारली की तो देवजीच्या कानाशी विचारायचा, "बसलं का?" सोंग चढल्यावर बोलायचं नसतं, म्हणून देवजी उजवी टाच एकदा जमिनीवर आपटायचा. मग जाणू हात काढायचा. त्या वर्षी जाणू दोर घेऊन पुढे झाला तर देवजीने त्याचा हात बाजूला सारला. चारचौघांत. "मी बांधतो माझं," म्हणाला, आणि वळचणीला जाऊन, भिंतीकडे तोंड करून, वेड्यावाकड्या गाठी मारून आला. कारण सांगितलं नाही. एवढ्यावरून कोणी पाच वर्षं बोलणं टाकतं का, असं शहरातला माणूस विचारील. गावातला विचारणार नाही.

"खळ मी लावणार," जाणू ओटीवर बसता बसता म्हणाला. पाणीही घेतलं नव्हतं. "सोंग माझ्याकडं यायचं."

संदीप पडघ्याच्या बाजूला एका मोठ्या गोदामात शिफ्टमध्ये होता. त्याची मान आधीच दुखायची, चैत्रात रजा मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि गेले बारा दिवस तो मनातल्या मनात सोंग काकाला देऊन मोकळा होत होता. पण मागितल्यावर देणं म्हणजे हरणं.

"बापाचं मुंडासं हाय, काका. मुलगा बसलाय ना हितं."

"मुलगा महिन्यातनं चार दिस घरी असतो. त्यातलं दोन दिस झोपून."

"टाइम काढीन."

"म्हैसासुराला टाइम काढून मरता नाय येत, संदीप."

रंगू आतून बाहेर आली होती. तिने दोघांनाही सुनावलं, की अजून जेवणं व्हायची आहेत, बाहेर लोक ऐकतायत, आणि दादाचा आत्मा इथेच कुठेतरी आंब्यावर बसला असेल. जाणूने एकदा आंब्याकडे बघितलं. मग दोघांनी हळू आवाजात ठरवलं की आत जावं, मुखवटा उलटा करावा आणि आधी बापजाद्यांच्या पट्ट्यांना हात लावून मग काय ते बोलावं. पट्ट्यांसमोर माणूस फार ताणत नाही, असा अनुभव होता.

कणगीच्या खोलीत मुखवटा पांढऱ्या कापडात बांधलेला होता. जयश्रीने खळीची वाटी आणि बापाचं मुंडासं दाराशी ठेवलं. दार लोटलं गेलं. ती परत वळणार तोच आतून संदीपची हाक आली.

"ताई. जरा हितं ये."

ती घुटमळली. पोरीने त्या दारातून आत जायचं नसतं. पण हाक भावाची होती आणि आवाज चमत्कारिक होता. ती गेली.

सुपात पसरलेल्या भातावर मुखवटा पालथा ठेवला होता. शिंगं भातात रुतली होती आणि पोकळी वर आली होती. आत करड्या रंगाचा स्पंज होता, कडेने काळ्या कापडाची नेटकी किनार. जाणू आणि संदीप दोघंही त्याच्याकडे असे बघत होते की जयश्रीला वाटलं, काम आवडलं.

तिने समजावून सांगितलं. शिंग मोडलं त्या वर्षी बाबांनी मुखवटा गिरणीत पाठवला होता, तेव्हाच केलं हे. मोटरसायकलच्या हेल्मेटमध्ये असतो तसा स्पंज. घाम शोषतो, कपाळाला टोचत नाही, डोकं लहानमोठं असलं तरी बसतो. नाटकातल्या जड मुखवट्यांना ती असंच करते. बाबांनी फक्त शिंगाचं सांगितलं होतं, पण काम हाती घेतलं की ते पूर्ण करायची तिची खोड.

"ह्याच्या आधी आत काय व्हतं?" जाणूने विचारलं.

"काय नव्हतं, काका. चिंध्या होत्या. थरावर थर, तेलकट, काळ्या पडलेल्या. कसर लागली होती. मुखवटा खाल्ला असता तिनं. सगळं खरवडून काढलं."

जाणू कणगीला पाठ टेकून खाली बसला.

संदीपने तिला सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. इतकी वर्षं जे घरातल्या बायकांना सांगायचं नव्हतं ते एवढंसंच होतं.

जयश्रीचा हात मुखवट्याकडे जाऊन मधेच थांबला. आजोबाची पट्टी कोणत्या रंगाची होती हे आता विचारून काय करायचं? सगळ्यांत वरची होती, एवढं तिला कळलं. सगळ्यांत आधी तीच निघाली असणार. ओल्या फडक्याने, हलक्या हाताने. तिचा हात फार हलका होता, सगळे तसं म्हणायचे.

दारात रंगू उभी होती. एक पाय आत, एक बाहेर, म्हणजे नियम अर्धाच मोडला होता.

"फेकल्यास कुठं गो त्या चिंध्या?"

"फेकल्या नाय, आत्या. आमच्यात काय फेकत नाय." जयश्रीचा आवाज नेहमीसारखा येत होता, याचंच तिला आश्चर्य वाटलं. "कागदाच्या लगद्यात भिजवल्या. चिवटपणा येतो. त्या लगद्याचे वाडीच्या नाटकाचे मुखवटे केले. कोंबडी, कोल्हा, कावळे. एक मुकादम."

रंगूने हे सगळं पोटात जाऊ दिलं.

"म्हंजे आमचा बा कोंबडी झाला?"

"नायतर मुकादम," संदीप म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. शक्यता सांगायची होती.

रंगू दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि रडताना मधेच एकदा विचारलं की ती कोंबडी आता कुठे आहे. जयश्रीने सांगितलं, माहीत नाही. नाटक झालं की मुखवटे पोरांना देऊन टाकतो. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर गेली, मुखवटेही गेले असतील. पुढच्या पावसात भिजले असतील. कागद तो.

मग तिला नाटकानंतरची वाडी दिसली.

बाबा आले होते. त्यापूर्वी कधीच तिचं काही बघायला आले नव्हते. दादरला नाही, कल्याणला नाही. वाडीवर मात्र सांगितलं नसताना आले, वैशाखऱ्याला बहिणीकडे जातो म्हणून निघाले आणि पुढे चालत राहिले. पहिल्या ओळीत जमिनीवर बसले. नाटक संपल्यावर उठून प्रत्येक पोराच्या मुखवट्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या, कान लावतात तसं तोंड जवळ नेलं, आणि मग एकेकाच्या पायाशी वाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. गेली पाच वर्षं ती हे सगळ्यांना सांगत होती, शिबिरांत, भाषणांत, सत्काराच्या वेळी डोळे पुसत: माझ्या बाबांनी माझ्या कलेपुढे डोकं टेकवलं.

त्याच्या काही महिने आधी, मुखवटा घरी पोचला तेव्हा, त्यांनी फोन केला होता. शिंग चांगलं बसलंय म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आतलं जुनं काय केलंस गो? ती घाईत होती. तिने हसत सांगितलं, बाबा, ते आता नाटकात काम करणार आहे. मग ते म्हणाले, बरं.

ओटीवर फोटोत ते अजून वाकलेले होते, हार घालून.

"आये," जयश्रीने हाक मारली. बाळी रंगूच्या मागे येऊन उभी होती, हातातली पळी अजून तशीच. "त्या नाटकाहून बाबा घरी आले तवा काय म्हणाले?"

बाळीने आठवून बघितलं. तिला लेकीला बरं वाटेल असं काही सांगायचं होतं, पण तिला बनवून सांगता येत नसे.

"म्हणाले, कोंबडीचा डोळा चांगला झालाय."

"आणि?"

"आणि जेवले."

हे घेऊन काय करायचं ते जयश्रीला कळेना. तिने ते तसंच धरून ठेवलं.

जाणू बोलला तेव्हा कोणाशी बोलतोय ते नीट कळत नव्हतं.

"शिंग मोडलं त्याच्या फुडच्या बोहाड्यात त्यानं माझा हात सारला."

"हां," संदीप म्हणाला.

"बांधायला मुखवटा आधी मी हातात घ्यायचो. उलटा. पट्ट्यांना हात लावायचो, बाच्या पट्टीला, मग चढवायचो. मला दिसलं असतं."

सगळ्यांना समजलं. तरी त्याला ते पूर्ण म्हणायचं होतं.

"मला दिसलं असतं तर मी पोरीला सोडली नसती. बाजारात बोललो असतो. गावकीत नेलं असतं. त्याला ठावं व्हतं मी कसा हाय ते." त्याने हाताच्या पंजाने तोंड पुसलं, वरून खाली, एकदाच. "पोरीला झाकलंन. आणि मी म्हटलं, माजलाय."

काका म्हणत जयश्री पुढे सरकली, आणि जाणूने हात वर केला, म्हणजे थांब. मारायचा नव्हता, पण जवळही घ्यायचा नव्हता. ते एवढ्यात होण्यासारखं नव्हतं.

बाहेर अंगणात नवे आवाज आले. गावकीचा गणू आला होता, बरोबर चार माणसं. जेवणं उरकली की येऊ म्हणाले होते, पण जेवणाचा वास रस्त्यापर्यंत गेला असावा. गणू म्हणजे नियमाला धरून चालणारा माणूस. आत हात घातल्याशिवाय आणि बोटाला ओलं लागल्याशिवाय तो गुलालाची पुडी सोडायचा नाही.

संदीपने घाईघाईने मुंडाशाची पट्टी फाडली, खळीत बुडवली आणि स्पंजावर दाबली. हात काढल्यावर ती घरंगळून भातावर पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली. चिंचोक्याची खळ लाकडाला धरते, कागदाला धरते, पणजोबाला धरते. स्पंजाला धरत नाही. तो म्हणाला, खाली दुकानात डिंकाची ट्यूब मिळेल, फास्ट चिकटतं, दोन मिनिटांत जाऊन येतो.

"स्पंज काढून टाकते," जयश्री म्हणाली. "लाकडावर लावा."

"नको," जाणू म्हणाला.

तो गुडघ्यांवर पुढे आला होता. त्याने मुखवट्यात हात घातला, मनगटापर्यंत, आणि डोळे मिटले. स्पंज पाच बोहाडे एकाच डोक्यावर दाबला गेला होता. जाणूची बोटं त्यात हळूहळू फिरली. कपाळाचा खळगा. भुवईपाशी जरा खोल. डाव्या कानामागे, लहानपणी झाडावरून पडून देवजीला जे टेंगूळ आलं होतं आणि जे कधी गेलं नाही, त्याचा गोल खड्डा.

"ह्यो ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "येवढा तरी हाय."

मग बाळी आत आली. उंबरा ओलांडताना तिने कोणाला विचारलं नाही. पळी कणगीवर ठेवली, खाली बसली आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मुखवट्याच्या आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"शिवायला लागेल," ती म्हणाली.

"गावकीला ओली पट्टी लागते, वहिनी."

"ओलीच शिवते. सुई दे गो."

जयश्रीच्या पिशवीत सुई असायचीच, गोधडी शिवायची जाड, आणि मेणाचा दोरा. बाळीला दोरा ओवता येईना. नजर अधू झाली होती आणि आज डोळेही भरून येत होते. जयश्रीने हात पुढे केला, पण सुई आधीच जाणूने घेतली होती. त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, खिडकीकडे धरलं आणि ओवलं. बाळीने पट्टी पुन्हा खळीत बुडवली, कपाळाच्या खळग्यावर ठेवली आणि एकेक टाका घालू लागली. खळ तिच्या मनगटापर्यंत ओघळत होती. संदीपने मुखवटा दोन्ही शिंगांनी धरला होता. रंगू आता पूर्ण आत आली होती आणि टाके मोठे पडतायत असं तिचं मत झालं होतं, पण ते तिने ठेवून घेतलं.

जाणू हळूच संदीपला म्हणाला, "सोंग तू घे. पट्टी लावायला बसलास ना, तुझंच ते."

"काका, तुमी घ्या. मी खरंच म्हणतो. मला रजा..."

"पडायचं मी शिकवीन तुला. बांधीन मी."

संदीपने मान हलवली. त्याच्या दुखऱ्या मानेच्या मानाने ती बरीच हलली.

बाळीने शेवटचा टाका ओढला. दोऱ्याची दोन टोकं सोडून ती मागे सरली.

"गाठ तुमी मारा, भावजी. गेल्या साली अर्ध्या वाटेत दोर ढिला झाला, तवा घरी येऊन म्हणाले, जाणूनं मारलेली गाठ कधी सुटली नाय."

"असं म्हणाला?"

"दरसाल म्हणायचे."

"मला कोणी सांगलं नाय."

"तुमी आलात कुठं?"

जाणूने दोन्ही टोकं घेतली. मुखवटा त्याच्यासमोर पालथा होता, मागची बाजू त्याच्याकडे, असायची तशीच. त्याने एक वेढा दिला, दुसरा दिला, बोटाने दाबून ओढलं. हातांना पुढचं पाठ होतं, तोंडालाही.

"बसलं का?"

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण विचारलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. संदीप शिंगं धरून खाली जमिनीकडे बघत राहिला. जयश्रीची नजर उजवीकडे गेली, शेणाने सारवलेल्या त्या जागेकडे, जिथे माणूस उभा असता तर त्याची टाच आली असती. ओटीवर गणू फोटोसमोर उभा राहून कोणालातरी विचारत होता की ही कोंबडी कशाची. इथे आत कोणीही हललं नाही, जणू थोडा वेळ दिला तर येईल आवाज.

"बसलं, भावजी," बाळी म्हणाली. "सोडा आता."

जाणूचे हात अजून गाठीवरच होते.